हळदीच्या पाकिटावर हळदच कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे एक तरुण गृहस्थ घरची हळद दळून पाकिटबंद विकायला निघालेत. लोगोसाठी त्यांनी मोबाइलवरच्या ॲपमधून सहा नमुने करून पाठवलेत. एकात हळकुंड आणि पान. एकात गणपती. एकात आयर्विन पूल आणि खालून वाहणारी कृष्णा. एकात खलबत्ता. एकात उगवता सूर्य आणि खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी. सहाव्यात हे सगळंच. धाकटा भाऊ म्हणतो, चित्र नकोच, नाव जाड अक्षरात लिहा, झालं. वडील म्हणतात, गणपती हवाच. आणि यांचा सवाल असा की लोगोत चित्राचं नेमकं काम काय असतं, आणि या सहांतलं कुठलं घ्यावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. सहांतलं एकही घेऊ नका. चिन्ह मात्र जरूर घ्या, भावाचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. आणि वडिलांचा गणपती देव्हाऱ्यात राहू द्या.

मी लोगो करायच्या या धंद्यात कॉम्प्युटरवरून आलो नाही. माझे मामा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची पाटी, आणि हंगामात मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांचे पत्रे. पत्रा म्हणजे टिनाच्या तुकड्यात छिन्नीनं कोरलेला आकार. तो पोत्यावर दाबून धरायचा, चिंधीचा बोळा काळ्या रंगात बुडवायचा आणि वरून आपटायचा. पत्रा उचलला की पोत्यावर मार्का उमटलेला. मे महिन्याच्या सुट्टीत तो बोळा माझ्या हातात असायचा. त्रिकोणात टिंब, एकात एक दोन वर्तुळं, चांदणी, आडवी चंद्रकोर. असले आकार. मी एकदा मामांना विचारलं, यांची नावंच का लिहीत नाही? ते म्हणाले, ‘‘पाठीवर क्विंटलचं पोतं घेतलेला माणूस वाचत बसंल व्हय? आन् पोतं उलटं पडलं तर?’’

लोगोबद्दल नंतर पुष्कळ ऐकलं, पण या दोन वाक्यांबाहेरचं फार थोडं. हमाल ते चिन्ह धावतपळत, तिरकं, अर्धवट पुसलेलं, दुसऱ्या पोत्याखाली निम्मं दबलेलं बघायचा आणि तरी बरोबर थप्पीला लावायचा. त्या त्रिकोणातल्या टिंबात हळदीचं काहीही नव्हतं. आतल्या मालाचा भाव, प्रत, मालकाचा स्वभाव, पैसे वेळेवर देतो की नाही, हे सगळं मात्र यार्डातल्या माणसाला त्या टिंबावरून आठवायचं.

लोगो हा शब्द आपल्याकडे तसा कालचा. मार्का आणि छाप हे आपले जुने शब्द, आणि मला तेच जास्त आवडतात, कारण त्यांत कामाचं वर्णन आहे. दुकानात जाऊन माणूस काय म्हणायचा? कंपनीचं नाव नाही म्हणायचा. ‘गाय छाप द्या’, ‘बंदर छाप काळी टूथपावडर द्या’ असं म्हणायचा. आता बघा, गायीचा आणि तंबाखूचा काय संबंध? काही नाही. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात पानटपरीवर जाऊन नुसतं ‘गाय’ म्हणा, पुडी हातात पडते. (खाऊ नका, हे आपलं उदाहरणापुरतं.) त्याच्याही आधी मँचेस्टरच्या गिरण्या आपल्याकडे कापड पाठवायच्या, तेव्हा ताग्यावर रंगीत तिकिटं चिकटवलेली असायची. त्यावर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि गिरणीवाल्याला आपल्या भाषा येत नव्हत्या. मध्ये चित्र होतं म्हणून कापड विकलं गेलं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हं आली ती याच कारणानं. मतदार निरक्षर असला तरी त्याला बैलजोडी ओळखता येत होती.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: घरातली बाई पोराला दुकानात पिटाळताना तुमच्या मालाचं काय वर्णन करेल? ‘ते अमुकवालं आण’ यातल्या ‘अमुक’ला जे येईल ते तुमचं चिन्ह. आता तुमचा पहिला नमुना घ्या. ‘हळकुंडवाली हळद आण.’ पोरगं दुकानात जाऊन उभं राहील आणि दुकानदार विचारेल, कुठली हळकुंडवाली बाबा?

खरंच एकदा गणपती पेठेतल्या एखाद्या जुन्या किराणा दुकानासमोर दहा फुटांवर उभं राहून हळदीच्या रांगेचा फोटो काढा. सगळी पाकिटं पिवळी. सगळ्यांवर हळकुंड, शेजारी हिरवं पान, आणि वाटीत शीग लावलेली पूड. त्या गर्दीत तुमचंही तेच. शिवाय पाकिटाला पारदर्शक खिडकी असते, आत हळद डोळ्यांना दिसतेच आहे. जे दिसतंय त्याचंच चित्र शेजारी छापून आपण गिऱ्हाइकाला नवीन काय सांगितलं? पाकिटावर हळकुंडाचा फोटो लागतोच, तो जरूर टाका, पण ती सजावट झाली, मार्का नव्हे.

चिन्ह अर्थ कसा पोचवतं यावर अभ्यासकांनी खूप लिहिलंय. मी माझ्यापुरते त्याचे तीन रस्ते धरतो. पहिला, सरळ सारखेपणाचा: बैल काढला, बैल दिसला. दुसरा, मागमूस दाखवायचा: धूर दिसला की चूल पेटली असं आपण धरतो, चूल दाखवावी लागत नाही. तिसरा, ठरवून दिलेला: वारकऱ्याची भगवी पताका, लाल दिवा म्हणजे थांबा. इथं चित्राचा आणि अर्थाचा नैसर्गिक संबंध असलाच पाहिजे असं नाही, सगळ्यांनी मानलं म्हणून तो अर्थ.

चांगली चिन्हं या तिन्ही रस्त्यांवरून थोडीथोडी चालतात. आपल्याकडचं सर्वांत सुंदर उदाहरण कुठल्या कंपनीचं नाही. जुन्या दानाच्या शिलालेखांवर, गद्धेगाळांवर (म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडांवर) वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. सातारा-सांगलीच्या कितीतरी गावांत देवळाच्या पायरीशी, वेशीपाशी असे दगड आहेत. खालचा मजकूर गावात एखाद्यालाच वाचता यायचा. पण वर सूर्य-चंद्र दिसले की अडाणी माणसालाही कळायचं, हे दान आचंद्रार्क, म्हणजे सूर्य-चंद्र असेतोवर चालायचं. ‘कायम’ ही गोष्ट चित्रात कशी काढणार? त्या पाथरवटांनी दोन आकारांत काढली.

विम्याचंही तसंच. विमा दिसत नाही. एलआयसीच्या चिन्हात दोन हात आणि मध्ये दिव्याची ज्योत आहे. संध्याकाळी वाऱ्यातून तुळशीपर्यंत दिवा नेलेल्या कुणालाही ते हात काय करताहेत हे सांगावं लागत नाही. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ १९७१ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलं. कुणाला त्यात कुलपाचं भोक दिसतं, कुणी म्हणतं तो अहमदाबादच्या कांकरिया तलावाचा नकाशा आहे. मला या दंतकथेत गंमत वाटते ती एवढ्यासाठी की आकार साधा आणि मोकळा असला की लोक आपापले अर्थ त्यात आणून ठेवतात. तुमच्या सहाव्या नमुन्यात कुणी काही आणून ठेवायला जागाच नाही. सगळं आधीच भरलेलं आहे, गणपतीच्या आरासीसारखं.

बँक, विमा, शाळा, पतसंस्था यांना सुचवणारं चिन्ह लागतं, कारण त्यांचा माल हातात धरता येत नाही. हळदीला ती अडचण नाही. म्हणून तुम्हाला वर्णनाची गरज कमी आणि वेगळेपणाची जास्त. अर्थ पुढे मालातून भरत जातो. नाइकेची ती बाकदार फटकाऱ्याची खूण १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं ३५ डॉलरमध्ये करून दिली. त्या दिवशी तो नुसता फटकारा होता, बुटांनी आणि खेळाडूंनी त्यात पुढे वेग ओतला. स्टारबक्सनं चिन्हाभोवतीचं नाव काढून टाकलं २०११ मध्ये, धंदा सुरू झाल्यावर ४० वर्षांनी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दर दोन महिन्यांनी कुणीतरी येतं आणि म्हणतं, ‘आम्हाला ॲपलसारखा नुसता लोगो पाहिजे, नाव नको.’ पहिल्या दिवशी नुसतं चिन्ह म्हणजे अनोळखी माणसानं नाव न सांगता दारात उभं राहणं. आणि ॲपलच्या सफरचंदाला तो घास घेतलेला का आहे? रॉब जॅनॉफ यांनी १९७७ मध्ये तो ठेवला तो ते फळ लहान आकारात चेरीसारखं दिसू नये म्हणून. बाकीच्या कहाण्या लोकांनी नंतर चिकटवल्या.

आता काय घेऊ नये ते. सांगली-साताऱ्यात काम करणाऱ्याला हा भाग रोज लागतो.

पहिली मागणी असते महाराजांच्या चित्राची. भावना मी समजू शकतो. पण १९५० चा बोधचिन्हं व नावांच्या गैरवापराला बंदी घालणारा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारी चिन्हात वापरता येत नाही. राष्ट्रध्वज आणि अशोकचक्रही त्याच यादीत. मग गिऱ्हाईक म्हणतं, राजमुद्रा टाका, ती अष्टकोनी. मी म्हणतो, ती मुद्रा पत्रावर का उमटवायचे याचा विचार करा. हे पत्र महाराजांचंच, दुसऱ्या कुणाचं नव्हे, एवढं सांगायला. दुसऱ्याची मुद्रा आपल्या मालावर मारणं हा त्या मुद्रेचाच अपमान नाही का?

दुसरं, देवाचं चित्र. तुमचं पाकीट संपल्यावर कुठं जाणार? कचऱ्यात, गटारीत, गाडीच्या चाकाखाली. ज्याची आपण पूजा करतो त्याला तिथं पाठवायचं का, एवढं वडिलांना विचारा. माझ्या अनुभवात हा एक प्रश्न पुरतो, वाद घालावा लागत नाही. ट्रेडमार्क कायद्यातही धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाची नोंदणी नाकारायची तरतूद आहे. गणपती पाकिटावर नसल्यानं तो रागावणार नाही, सांगलीचा गणपती तर मुळीच नाही.

तिसरं जरा गमतीचं. कमळ, हात, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, तुतारी, शिट्टी... आपल्या भागात इतकी चिन्हं राजकारणानं अडवून ठेवलीत की चित्रकाराला काही उरतच नाही. सोसायटीच्या निवडणुकीत तर कपबशी, छत्री, कपाटसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या पॅनेलचं असतं. मी एका दूधवाल्याला कमळ काढून दिलं होतं, निव्वळ शुद्धतेच्या कल्पनेनं. निवडणुका लागल्या तशी निम्म्या गावानं त्याच्याकडून दूध घेणं थांबवलं, आणि उरलेलं निम्मं गाव उधार मागायला लागलं.

चौथं, लाल क्रॉस. हळदीला त्याचा संबंध नाही, पण औषधी हळद, आयुर्वेद असं काही पुढे डोक्यात असेल तर लक्षात ठेवा. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे हा प्रसंग माझ्या वाट्याला बऱ्याचदा येतो. एक डॉक्टर पांढऱ्यावर लाल क्रॉस मागायला आले होते. मी म्हटलं, ते रेड क्रॉसचं संरक्षणचिन्ह आहे, स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून १८६४ च्या जिनिव्हा करारात ठरलेलं. युद्धात ‘इथं गोळी घालू नका’ असं सांगायला ते आहे. आपल्याकडे १९६० च्या कायद्यानं खासगी डॉक्टरांना ते वापरायला बंदी आहे. मग ते म्हणाले, तो पंखांचा, दोन सापांचा दंड टाका. म्हटलं, तो हर्मिसचा, व्यापाराच्या देवाचा. वैद्याचा असतो तो एकच साप असलेला, अस्क्लेपियसचा, म्हणजे ग्रीकांच्या वैद्यकाच्या देवाचा, त्याला पंख नाहीत. डॉक्टर हसत म्हणाले, ‘‘माझी बिलं बघितली तर पेशंट म्हणतील पहिलाच बरोबर आहे.’’ शेवटी एकसापीच काढला.

एवढं वगळल्यावर घ्यायचं काय? यासाठी आधी कोण बघणार ते ठरवावं लागतं. मिरजेत एका सतारमेकरांचं काम मी केलं. मिरजेची सतार आणि तानपुरा म्हणजे दीडेकशे वर्षांहून जुनी कारागिरी, शस्त्रं करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हत्यारं सोडून वाद्यं हातात घेतली ती तिथं. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक पाटीवर सतार काढलेली. मीही पहिले चार नमुने सतारीचेच केले आणि चारही शेजारच्या दुकानाचे वाटले. मग एक दुपार त्यांच्या पायरीवर बसून राहिलो. आत ते घोडी घासत होते. घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या तबलीवर, म्हणजे लाकडी झाकणावर बसते ती हाडाची रुंद पट्टी, तिच्यावरून तारा जातात. तिच्या पाठीला इतका सूक्ष्म उतार द्यायचा असतो की तार तिला जरा घासून झणकारते. तीच जवारी. घासायचे, तार लावायचे, छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा काढायचे. लांबलांबचे वादक त्यांच्याकडे येत होते ते त्या जवारीसाठी. मग चिन्ह झालं ते बाजूनं दिसणारी घोडी आणि तिच्यावरून जाणारी एक तार. रस्त्यानं जाणाऱ्याला ते कळत नाही. एकानं तर विचारलं, स्टूल विकता का? पण वादकाला एका नजरेत कळतं, आणि गिऱ्हाईक वादकच आहे. तुमचं तसं नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे स्वयंपाकघर, तिथं असलं खास लोकांपुरतं कोडं चालणार नाही.

तुम्ही पत्रात शेवटी एक वाक्य सहज लिहून गेलात: ‘आजोबांची हरिपुरात पेवं होती.’ मी असतो तर सहा नमुने बाजूला ठेवून तिथंच थांबलो असतो.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेलं कोठार, हे तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. वर माणूस उतरेल एवढं तोंड, खाली फुगत गेलेलं पोट. आत पाला-चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. हरिपूरची, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती चिवट माती याला लागते. आत हवा नाही, ओल नाही, म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीची पेठ हळदीसाठी देशभर गाजली त्यात या पेवांचा मोठा हात आहे. २००५ च्या महापुरात त्यांतली बहुतेक गेली. आता माल गोदामात आणि शीतगृहात असतो.

हा आकार सांगली-हरिपूरच्या हळदीची खास ओळख आहे. तुमच्या घराशी त्याचा खरा संबंध आहे. आणि तो एका रेघेत निघतो: अरुंद गळा, गोल पोट. कागदावर मी काढून बघितला. अडचणही लगेच दिसली. मातीखालचं पेव कुणी उभं कापलेलं बघत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो आकार सुरई वाटेल, मडकं वाटेल, कुणाला लोटा. मग? माझ्या मते बिघडत नाही. साठवण, घरगुती, जुनं, गार, असंच काहीतरी त्याला वाटणार आणि ते खोटं नाही. ‘मडकंवाली हळद आण’ असं पोराला सांगितलं तरी दुकानात बरोबर पाकीट मिळतं. ज्याला पेव माहीत आहे त्याला जास्त कळेल, आणि ज्याला नाही त्याच्यासाठी पाकिटाच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहा. फक्त एक करा, गळ्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीची आडवी रेघ येऊ द्या. त्या रेघेनं मडक्याचं पेव होतं. शिवाय ती रेघ नावाच्या शिरोरेघेला जोडता येईल, म्हणजे नाव जमिनीवर आणि पेव नावाखाली. हे जमलं तर तुमच्या भावाचंही समाधान होईल.

भावाच्या म्हणण्याबद्दल. नुसत्या नावाचा लोगो कमी दर्जाचा असतो असं मुळीच नाही. सांगली नाटकवाल्यांचं गाव. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं. मराठी नाटकांच्या जाहिरातीत कमल शेडगे यांनी केलेली अक्षरं ज्यांनी बघितलीत त्यांना माहीत आहे, नावाच्या वळणातच अख्खं नाटक दिसायचं. अक्षर हेसुद्धा चिन्हच आहे. २०१० मध्ये डी. उदय कुमार यांनी रुपयाची खूण केली ती म्हणजे देवनागरी र आणि रोमन आर एकमेकांत मिसळून, वर शिरोरेघ. पण देवनागरी नावाला जागा जास्त लागते: वर वेलांट्या-मात्रा-रफार, खाली उकार. ‘हळद’ हा शब्द लहान केला की ळ ची दोन्ही पोटं आधी भरतात. पाच रुपयांच्या पुडीवर नाव वाचता येणार नाही, आकार मात्र ओळखू येईल. म्हणून दोन्ही हवं. बाकी नाव काय ठेवायचं हा वेगळा विषय, त्यात इथं शिरत नाही.

रंगाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण माझी सर्वांत महागडी चूक तिथलीच.

काही वर्षांपूर्वी एका भडंगवाल्याचं चिन्ह केलं होतं. कढई, त्यातून उडणारे चुरमुरे, बारीक रेघांची वाफ, आणि पिवळ्याकडून लालकडे विरघळत जाणारा रंग. मॉनिटरवर असं देखणं की मीच प्रेमात पडलो. प्लॅस्टिक पिशवीवर छापून आलं तेव्हा वाफ गायब, चुरमुरे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले, आणि विरघळत्या रंगाच्या जागी ठिपक्यांचा डाग. पिशव्यांचा पैसा त्यांचा आणि चूक माझी. निम्मी भरपाई मी दिली. तेव्हापासून मामांचा पत्र्याचा नियम मी कॉम्प्युटरवरही पाळतो: जे टिनात कापता येत नाही ते चिन्हात नको. लॅमिनेटेड पाकिटाला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि त्याचे पैसे सुरुवातीलाच मोजावे लागतात. एका रंगात उभं राहणारं चिन्ह म्हणूनही स्वस्त पडतं. जागतिक वन्यजीव निधीनं १९६१ मध्ये पांडा निवडला त्यात काळ्या-पांढऱ्यात छपाई स्वस्त पडते हाही हिशोब होता, आणि तो पांडा थोडाफार बदलत अजून काळ्या-पांढऱ्यातच चालतोय.

हळदीवाल्याला पिवळ्या रंगाचा मोह सुटत नाही. मोह बरोबर आहे. आपल्याला तो रंग भंडाऱ्यातून, हळदीच्या अंगातून, आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेतून माहीत आहे. पण पांढऱ्यावर पिवळं चिन्ह दिसत नाही. पावतीच्या झेरॉक्सवर ते उडून जातं, रबरी शिक्क्याला तर रंगाचा उपयोगच नाही, आणि उन्हातल्या फ्लेक्सवर पिवळा-लाल आधी फिका पडतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आपलं कुंकू मुळात त्यातूनच. म्हणून मी तुम्हाला गडद कुंकवाचा लाल सुचवेन. पाकीट पिवळं, चिन्ह कुंकवाचं. दोन रंग, आणि प्रत्येक घरात एकत्र असलेले. हिरवं वर्तुळ मात्र चिन्हात आणू नका, शाकाहाराच्या खुणेशी गोंधळ होतो. त्या खुणेचंच बघा: मांसाहारासाठी आधी तपकिरी वर्तुळ होतं, ते बदलून त्रिकोण केला, कारण ज्याला हिरवा आणि तपकिरी वेगळा ओळखता येत नाही त्याला दोन्ही वर्तुळं सारखीच. रंगावर भिस्त ठेवली की असं होतं. आकारानं एकट्यानं काम केलं पाहिजे.

चाचणीला पैसे लागत नाहीत. चिन्ह नखाएवढं छापा आणि आईला चष्म्याशिवाय दाखवा. व्हॉट्सॲपच्या डीपीला लावा, तिथं गोलात चारी कोपरे कापले जातात. आणि शेजारच्या पाच पोरांना पाच सेकंद दाखवून कागद काढून घ्या, दुसऱ्या दिवशी आठवून काढायला सांगा. पाचांपैकी तिघांनी गळा आणि पोट काढलं तर पुढे जा. चित्र सुंदर आलं की नाही ते बघू नका.

ट्रेडमार्क नोंदणीचं पटकन. हळद, मसाले ३० व्या वर्गात येतात. वैयक्तिक किंवा छोट्या उद्योजकाला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये प्रत्येक वर्गाला, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. चिन्ह आणि नाव यांचे शक्यतो दोन वेगळे अर्ज करा. अर्ज केल्यावर टीएम लिहायला हरकत नाही, पण वर्तुळातला आर नोंदणी होईपर्यंत लावायचा नाही, तो खोटा लावणं गुन्हा आहे. ‘सांगली हळद’ एवढंच नाव घेऊन जाल तर परत पाठवतील, कारण मालाचं वर्णन आणि ठिकाण कुणा एकाच्या मालकीचं होत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची खूण वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ती जरूर करा, पण पाकिटाच्या कोपऱ्यात ठेवा. आणि ॲपमधली ती तयार पानं-हळकुंडं इथंही आडवी येतात. तीच चित्रं उद्या कुणीही उचलू शकतो, तुम्ही त्यांच्यावर एकट्याचा हक्क सांगू शकत नाही.

पुढचं पाऊल म्हणून एकच काम करा. आजोबांचं एखादं पेव पुरातून वाचलं असेल, अगदी तोंड तेवढं शिल्लक असेल, तरी त्याचा सरळ वरून आणि बाजूनं फोटो काढून पाठवा, आणि तोंडाची रुंदी टेपनं मोजा. गळा किती अरुंद ठेवायचा हे मला अंदाजानं काढायचं नाही. आजोबांच्या पिढीतलं कुणी असेल तर पोटाचा आकार त्यांच्याकडून बोटानं जमिनीवर काढून घ्या, ती रेघ माझ्या रेघेपेक्षा खरी असेल. मात्र माप घ्यायला आत उतरू नका. बंद पेवात प्राणवायू नसतो, माणसं त्यात दगावलेली आहेत. मोजायचं ते वरूनच मोजा.